वाचकांचे प्रश्न : साहेब सेवक झाले, तर कर्मचाऱ्यांचे काम सुधारते का?

स्थानिक स्वराज्य संस्थांतील वरिष्ठ अधिकारी व पदाधिकारी यांनी 'सेवक' या भूमिकेतून, म्हणजे हाताखालच्यांच्या गरजा आधी पाहून, नेतृत्व केले, तर हाताखालच्या माणसांच्या कामात खरोखर फरक पडतो का, या विषयावर गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतून पाच पत्रे निवडली आहेत. बहुतेक पत्रलेखक अजून नोकरीत किंवा पदावर असल्याने कोणाचेही नाव दिलेले नाही. उत्तरे देणाऱ्याने जिल्हा परिषदेच्या सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ काढला असून त्यातील काही वर्षे गटविकास अधिकारी म्हणून काम केले आहे.

प्रश्न : मी पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे. नुकत्याच झालेल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात 'सेवक नेतृत्व' हा विषय होता आणि अधिकारी सेवक झाला की कर्मचाऱ्यांची कामगिरी आपोआप वाढते, असे आम्हाला सांगण्यात आले. आमचे साहेब स्वभावाने अतिशय चांगले आहेत. ते कोणाला टाकून बोलत नाहीत आणि प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक आणतात. मात्र गेले अकरा महिने माझ्याकडे दोन टेबलांचा कार्यभार आहे, दोन्हींकडची कामे तुंबली आहेत आणि त्याबद्दल मी तीन वेळा लेखी कळवूनही काही झालेले नाही. यालाच सेवक नेतृत्व म्हणायचे का? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : याला सेवक नेतृत्व म्हणता येणार नाही. आपले साहेब सज्जन आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण सौजन्य आणि सेवा यांत अंतर आहे आणि आपल्या पत्रात ते अंतर नेमके दिसते.

ही संकल्पना आजच्या अर्थाने मांडली ती रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकी गृहस्थांनी, 1970 साली लिहिलेल्या एका निबंधात. एटी अँड टी या अवाढव्य टेलिफोन कंपनीत त्यांनी सुमारे चार दशके नोकरी केली होती, म्हणजे मोठ्या कार्यालयातील माणूस कसा झिजतो आणि कसा फुलतो हे त्यांनी आतून पाहिले होते. त्यांनी लावलेली कसोटी सोपी आणि तितकीच कठोर आहे. ज्यांची सेवा केली जाते ती माणसे वाढतात का, अधिक शहाणी, अधिक मोकळी, स्वतःच्या बळावर काम करणारी होतात का, आणि समाजातील सर्वांत दुबळ्या माणसावर या सगळ्याचा काय परिणाम होतो, असे त्यांचे विचारणे होते. या कसोटीवर केक उतरत नाही. तुंबलेल्या दोन टेबलांपैकी एक टेबल हलके करणे उतरते.

आपल्याकडे हा विचार नवा आहे, असेही मी मानत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र अनेकांनी वाचलेले असेल. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, ही त्यातील ताकीद सर्वांच्या तोंडी आहे. पण त्या पत्राचा मोठा भाग दाण्या-वैरणीच्या हिशेबाचा आहे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. घोड्यांसाठीचा साठा पावसाळाभर पुरवून वापरा, आत्ताच मनमानी उधळाल तर पुढे काही मिळणार नाही आणि मग तुम्ही रयतेला छळू लागाल, असे बजावून महाराज जळत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंज्यांना आग लागेल, इथपर्यंतचा धोका समजावून सांगतात. शिपायाने रयतेला त्रास देऊ नये असे वाटत असेल, तर शिपायाच्या घोड्याची वैरण कोठून येणार आणि ती कशी टिकणार याची काळजी धन्याने वाहिली पाहिजे, ही जाण त्या पत्रात आहे. स्थानिक प्रशासनातील प्रत्येक वरिष्ठाने ते पत्र दर पावसाळ्याआधी एकदा वाचावे, असे मला मनापासून वाटते.

एक अनुभव सांगतो. एका तालुक्यात गटविकास अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा घरकुलाच्या टेबलाबद्दल सर्वाधिक तक्रारी होत्या. तेथे बसणारा कनिष्ठ सहायक कामचुकार आहे, असे मला पहिल्याच दिवशी चार जणांनी सांगितले. त्याला कारणे दाखवा नोटीस काढण्याचे टिपण माझ्यापुढे तयार होऊन आले होते. सही करण्याआधी मी एक पूर्ण दिवस त्याच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो. सकाळी अकरा ते एक या वेळेत त्याने एकाही लाभार्थ्याच्या नस्तीला (फाइलला) हात लावला नाही, कारण तो वेळ जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या 'माहिती तातडीने सादर करा' या मागण्यांत गेला. एकच आकडेवारी तीन निरनिराळ्या तक्त्यांत त्याच्याकडून मागितली गेली होती. दुपारी नस्त्या उघडल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. नमुना ८ च्या, म्हणजे ग्रामपंचायतीकडील घराच्या नोंदीच्या, उताऱ्यावरील नाव, रोजगार हमीच्या जॉबकार्डावरील नाव आणि बँक पासबुकावरील नाव जुळत नाही म्हणून बहुतेक प्रकरणे परत जात होती, आणि लाभार्थ्याला हे पहिल्या वेळी सांगणारे कोणी नव्हते. एक म्हातारे गृहस्थ त्या दिवशी पाचव्यांदा आले होते. त्यांच्या आडनावातील एक काना एका कागदावर होता आणि दुसऱ्यावर नव्हता.

नोटिशीचे टिपण मी परत पाठवले. जिल्हा कार्यालयाशी मी स्वतः बोललो आणि एकच तक्ता आठवड्यातून एकदा पाठवण्याचे ठरवून घेतले. माहिती संकलनाचे काम दुसऱ्या एका सहायकाकडे दिले. कागद तपासण्याची यादी त्या कनिष्ठ सहायकाकडूनच लिहून घेतली आणि ती प्रत्येक ग्रामपंचायतीत लावली, म्हणजे नावातील फरक गावातच कळावा. दिवाळीपर्यंत त्या टेबलावरच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. माणूस तोच होता, पगार तोच होता. पुढे जिओ टॅगिंगचे, म्हणजे घराचे छायाचित्र जागेच्या नोंदीसह चढवण्याचे, काम आले तेव्हा इतर टेबलांना ते शिकवायला तोच पुढे झाला.

म्हणून आपणास माझी सूचना अशी की, साहेबांना चौथे पत्र लिहिताना 'कार्यभार जास्त आहे' एवढेच लिहू नका. आठ दिवसांच्या कामाची नोंद ठेवा. कोणते काम किती वेळ खाते आणि त्यातील कोणते काम आपल्या टेबलाचे नाहीच, हे एका पानावर मांडा आणि ते पान घेऊन समक्ष भेटा. अनेक वरिष्ठांना टेबलावर काय चालते हे खरोखर माहीत नसते, आणि सज्जन साहेबाला हे कळले तर तो हलतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सरपंच झाले आहे. आमच्या ग्रामसेवकांकडे तीन गावे आहेत, त्यामुळे ते कधी येतात, कधी नाही. गावातली माणसे मला बोलतात. मी त्यांच्याशी कडक वागावे, तर ते बदली करून घेतील आणि आम्हाला तेही मिळणार नाहीत, अशी भीती वाटते. घरातले पुरुष म्हणतात की तू यात पडू नकोस, आम्ही पाहतो. मी काय करावे? (एक सरपंच, धाराशिव जिल्हा)

उत्तर : ताई, सर्वप्रथम आपल्या शेवटच्या वाक्याबद्दल. पद आपले आहे, सही आपली आहे आणि सभेचे अध्यक्षस्थानही आपले आहे. त्यामुळे हे काम आपणच पाहायचे आहे. घरच्यांचा सल्ला जरूर घ्या, पण ग्रामपंचायतीच्या माणसाशी बोलणे आपल्याच तोंडून झाले पाहिजे.

ग्रामसेवक, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, हे जिल्हा परिषदेचे कर्मचारी असतात. त्यांची नेमणूक, बदली किंवा शिस्तभंगाची कारवाई सरपंचाच्या हाती नाही. म्हणजे हुकूम सोडून काम करून घेण्याचा मार्ग आपल्याला मुळातच उपलब्ध नाही. याला आपण अडचण समजत असाल. मला मात्र त्यात एक वाट दिसते. ज्याच्यावर आपला अधिकार चालत नाही, त्याच्याकडून काम होते ते त्याचे काम सोपे केल्यानेच.

तीन गावे सांभाळणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, ते एकदा त्यांच्याजवळ बसून विचारा. ते आपल्या गावी येतात तेव्हा दारात वीस माणसे उभी असतात. कोणाला जन्माचा दाखला हवा असतो, कोणाला नमुना ८ चा उतारा, कोणाला थकबाकी नसल्याचा दाखला, आणि कोणाचे भांडण असते. त्या गर्दीत मासिक सभेचे इतिवृत्त, करवसुली आणि गावाच्या विकास आराखड्याची कामे राहून जातात. आपण ठरावीक दोन वार निश्चित करून घ्या, ते फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि आदल्या दिवशी शिपायाकरवी सगळे अर्ज कागदपत्रांसह गोळा करून ठेवा. भांडण घेऊन येणाऱ्यांना आपण स्वतः ऐका, म्हणजे ग्रामसेवकांचे दोन तास वाचतील. आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गावातील एखादा वजनदार माणूस गावठाणातील जागेची बेकायदा नोंद करा म्हणून दबाव आणतो, तेव्हा ग्रामसेवक एकटे पडतात. त्या वेळी आपण शेजारी उभे राहून "नियमात बसत नाही, होणार नाही, हे मी सांगते आहे" असे म्हणालात, तर ग्रामसेवक आपल्या गावाला सहसा सोडून जाणार नाहीत. बदली मागणारे बहुतेक कर्मचारी कामाला कंटाळून जात नाहीत. एकटे पडण्याला कंटाळून जातात.

नळपाणी सोडणारा कर्मचारी, शिपाई आणि वसुली कारकून हे मात्र ग्रामपंचायतीचे स्वतःचे नोकर आहेत आणि त्यांच्याबाबत आपली जबाबदारी थेट आहे. त्यांच्या पगाराची सांगड वर्षानुवर्षे वसुलीशी घातली जात आली आहे, त्यामुळे घरपट्टी थकली की पहिली झळ त्यांच्या चुलीला लागते. पहाटे चारला व्हॉल्व्ह फिरवायला जाणाऱ्या माणसाला तीन महिने पगार नसेल, तर पाणी वेळेवर येत नाही म्हणून त्याच्यावर ओरडण्याचा नैतिक अधिकार आपल्यापाशी उरत नाही. वसुलीसाठी दारोदार जाताना आपण वसुली कारकुनाबरोबर चला.

हिवरे बाजारचे उदाहरण सर्वत्र दिले जाते आणि ते दिले जावे, कारण 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते गाव दुष्काळी आणि स्थलांतराने रिकामे होत चाललेले होते, आणि त्यांच्या कामाला 2020 साली पद्मश्री मिळाली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान, कूपनलिकांवर निर्बंध आणि दरवर्षी पावसाच्या मोजमापावरून पाण्याचा ताळेबंद या गोष्टी आपण ऐकल्या असतील. मला त्यातले एक वेगळे वाटते. गावाने आधी स्वतः ठरवले आणि मग शासनाच्या खात्यांना बोलावले, त्यामुळे तेथे आलेल्या कर्मचाऱ्याला भांडणे न मिटवता आपल्या विषयाचे काम करता आले असणार. कृषी सहायकाला शेतीचे आणि वनरक्षकाला झाडांचे काम करायला मिळणे ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही.

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक आहे. पुस्तकात सेवक नेतृत्व छान वाटते, पण आमच्याकडे जरा सैल सोडले की माणसे डोक्यावर बसतात. हजेरी लावून निघून जाणारे आहेत, बदली माणूस पाठवणारे आहेत. हातमोजे दिले तर वापरत नाहीत. अशा ठिकाणी धाकाशिवाय काम होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. (एक वाचक, नाशिक विभाग)

उत्तर : आपण मत स्पष्टपणे मांडले, हे बरे केले. हजेरी लावून निघून जाणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे, यात माझे आपल्याशी दुमत नाही. त्याच्या वाट्याचा रस्ता दुसरी एखादी बाई झाडत असते, आणि त्याला सांभाळून घेणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय. सेवक नेतृत्वात हिशेब मागणे बसत नाही, हा समज कोठून आला मला कळत नाही. आधी माणसाला काम करता येईल अशी स्थिती निर्माण करायची आणि नंतर कामाचा हिशेब मागायचा, हा क्रम त्यात महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बहुधा दुसरी गोष्ट आधी होते आणि पहिली राहूनच जाते.

हातमोज्यांचेच पाहू. एका शहरात मी काही काळ प्रतिनियुक्तीवर होतो. तेथील हजेरी शेडवर पहाटे सहाला गेलो. शेड म्हणजे पत्र्याची एक खोली, मुकादमाचे टेबल, भिंतीवर मळलेली मस्टरची वही आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या पंधरा-सोळा बायका. आत स्वच्छतागृह नव्हते. कपाटात हातमोज्यांचा न उघडलेला गठ्ठा होता आणि कर्मचारी सुरक्षा साधने वापरत नाहीत, असा अहवाल निरीक्षकाने वरती पाठवलेला होता. मी एका मावशींना मोजा घालून दाखवायला सांगितले. त्यांच्या बोटांच्या पुढे मोज्याची बोटे दीड-दोन पेरे लोंबत होती. झाडूचा दांडा धरला की तो त्यात फिरे. "घातला तर झाडू सुटतो साहेब, आणि नाही घातला तर तुम्ही बोलता," एवढेच त्या म्हणाल्या. सगळी खरेदी एकाच मापाची, पुरुषांच्या हाताच्या मापाची झाली होती. ज्यांच्यासाठी खरेदी होती, त्यांचा हात कोणी पाहिला नव्हता.

लहान मापाचे मोजे आले, ढकलगाड्यांची चाके दुरुस्त झाली आणि शेडला लागून बायकांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली झाली. या तिन्ही कामांसाठी मला मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर बराच वेळ बसावे लागले, आणि माझ्या पदाचा तो सर्वांत योग्य उपयोग होता, असे मला आजही वाटते. त्यानंतर मी मुकादमाला सांगितले की आता हजेरी दोन वेळा होईल, सुरुवातीला आणि काम संपल्यावर, आणि बदली माणूस आढळला तर नोटीस जाईल. नोटिसा गेल्या. पूर्वी एका नोटिशीवर सगळी शेड काम बंद करून बसत असे. या वेळी कोणी बसले नाही. ज्या माणसांना नोटिसा गेल्या त्यांची बाजू घ्यायला ओट्यावरच्या बायकाच तयार नव्हत्या.

धाकाने काम होते, हे मी नाकारत नाही. पण धाकाचे काम साहेबाच्या नजरेपुरते असते आणि पहाटे सहाला शहराच्या प्रत्येक गल्लीत साहेबाची नजर पोहोचत नाही. स्वच्छतेचे, पाण्याचे, प्राथमिक आरोग्याचे काम असे आहे की त्याचा मोठा भाग कोणी पाहत नसताना करायचा असतो. तेथे माणूस मनाने कामाशी बांधला गेला नसेल, तर कोणतीही बायोमेट्रिक हजेरी आपल्याला वाचवू शकत नाही.

आणि एका बाबतीत तर सेवा हा निवडीचा प्रश्नच नाही, तो कायदा आहे. 2013 च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यास आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास मनाई केली आहे. गटारात उतरून होणाऱ्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाख केली. तुंबलेल्या चेंबरसाठी नगरसेवकाचा फोन येतो, मशिन दुसरीकडे असते आणि 'एकदा उतरून बघ' असे सांगण्याचा मोह होतो, त्या क्षणी "माझा माणूस उतरणार नाही" असे फोनवर सांगणे हे निरीक्षकाचे काम आहे. आपण हे एकदा सर्वांसमक्ष सांगून पाहा. संत गाडगेबाबांच्या नावाने 2000-01 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्यापासून गावच्या शिपायापर्यंत अनेकांनी हातात झाडू घेतला. मीही घेतला होता आणि त्याचा मला आनंद आहे. पण साहेबाने वर्षातून एकदा झाडू घेण्यापेक्षा झाडू घेणाऱ्या हाताला बसणारा मोजा आणून देणे, हे गाडगेबाबांच्या अधिक जवळचे आहे, असे माझे मत आहे.

प्रश्न : मी लोकप्रशासन विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. 'सेवक नेतृत्वाचा स्थानिक प्रशासनातील कर्मचाऱ्यांच्या कामगिरीवर होणारा परिणाम' हा प्रबंधाचा विषय घेतला आहे. यावर संशोधन झाले आहे का आणि मी कामगिरी कशी मोजावी? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : संशोधन बरेच झाले आहे. ग्रीनलीफ यांचा निबंध चिंतनपर होता, त्यात मोजमाप नव्हते. रॉबर्ट लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली सेवक नेतृत्वाचे सात पैलू मांडून ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. भावनिक आधार, समाजासाठी मूल्य निर्माण करणे, कामाची नेमकी समज, हाताखालच्यांना अधिकार देणे, त्यांच्या वाढीला हातभार लावणे, त्यांना आधी ठेवणे आणि नीतीने वागणे, असे ते पैलू आहेत. यातील कामाची नेमकी समज या पैलूकडे माझे लक्ष विशेष वेधले जाते, कारण टेबलावरचे काम न कळणारा वरिष्ठ कितीही प्रेमळ असला तरी मदत करू शकत नाही.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा अभ्यास 2016 साली गॅरी श्वार्झ आणि सहकाऱ्यांनी चीनमधील सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांवर केलेला आहे. 1990 साली जेम्स पेरी आणि लोइस वाइज यांनी लोकसेवेची प्रेरणा ही कल्पना मांडली होती. काही माणसे सार्वजनिक सेवेकडे लोकांच्या उपयोगी पडण्याच्या ओढीने येतात, असे तिचे सूत्र आहे. वरिष्ठ सेवाभावाने वागतो तेव्हा हाताखालच्या माणसातील ही ओढ जागी होते आणि तिच्या वाटेने कामगिरी सुधारते, असे श्वार्झ यांच्या अभ्यासात दिसले. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. नोकरीला लागलेल्या तरुण ग्रामसेवकात ती ओढ असतेच. पाच वर्षांत ती कोठे जाते, हा खरा प्रश्न आहे.

असे अभ्यास बहुधा प्रश्नावलीवर आधारलेले असतात. ज्या कर्मचाऱ्याला साहेब आवडतो, तो साहेबाला चांगले गुण देतो आणि साहेबही त्याला चांगले गुण देतो, त्यामुळे आकडे उजळ दिसण्याचा धोका राहतो. वरिष्ठ दरवर्षी कर्मचाऱ्याबद्दल लिहितात त्या गोपनीय अहवालांवर आपण विसंबू नका. त्यांत जवळजवळ सगळेच कर्मचारी चांगले असतात. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमामुळे अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे आणि विनाकारण मुदत चुकवणाऱ्या पदनिर्देशित (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुदतीत दिलेल्या सेवांचे प्रमाण हे एक चांगले माप आहे. पण माझी आग्रहाची सूचना आहे ती हेलपाटे मोजण्याची. एकाच कामासाठी माणसाला कार्यालयात किती वेळा यावे लागले, हे दारात उभे राहून पन्नास माणसांना विचारा. ज्या दोन पंचायत समित्यांत कर्मचाऱ्यांची संख्या आणि रिक्त पदे सारखी आहेत, पण वरिष्ठांची वागणूक वेगळी आहे, अशा दोन ठिकाणी हे विचारा. रिक्त पदांचा विचार वगळून काढलेला कोणताही निष्कर्ष आमच्यासारख्या माणसांना पटणार नाही, कारण अर्धी खुर्ची रिकामी असताना उरलेल्या अर्ध्या खुर्चीला प्रेरणा देत बसणे ही त्या माणसाची फसवणूक आहे.

प्रश्न : मी सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. माझ्या आयुष्यात मी तीन-चार अत्यंत चांगले अधिकारी पाहिले. प्रत्येक वेळी कार्यालय सुधारले आणि ते बदलून गेले की सहा महिन्यांत पूर्वपदावर आले. मग अशा नेतृत्वाचा टिकाऊ उपयोग काय? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : गुरुजी, आपला प्रश्न मलाही नोकरीभर छळत राहिला. 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने एका पदावर साधारण तीन वर्षांचा कालावधी मानलेला आहे आणि प्रत्यक्षात अनेकांच्या वाट्याला तेवढाही येत नाही. म्हणजे ज्याला सेवा करायची आहे, त्याने आपण जाणार हे पहिल्या दिवसापासून धरून चालले पाहिजे.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कार्यालयात जे केले, ते 'लखीना पॅटर्न' म्हणून पुढे राज्यभर गेले. ते महसुली कार्यालय होते, स्थानिक स्वराज्य संस्था नव्हती, तरी आम्ही जिल्हा परिषदेतील माणसांनी त्यातून पुष्कळ घेतले. प्रत्येक टेबलावरच्या कामाची, त्याला लागणाऱ्या नियमांची लेखी पुस्तिका असावी, अभिलेख हाताशी सापडावेत, बसण्याची जागा नीट असावी आणि आलेल्या माणसाला आपल्या प्रकरणाचे काय झाले ते कळावे, या त्यातील गोष्टी कोणत्याही साहेबाच्या स्वभावावर अवलंबून नाहीत. नवीन लागलेल्या कारकुनाला काम माहीत नसते आणि ते विचारण्याची त्याला लाज वाटते, हे ओळखून त्याच्या हातात पुस्तिका देणे ही माझ्या मते मोठी सेवा होती. सहा गठ्ठे पद्धतीचेही तसेच आहे. प्रलंबित, प्रतीक्षाधीन (ज्यांच्या उत्तराची वाट पाहायची आहे अशी), नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची कागदपत्रे आणि नष्ट करायची कागदपत्रे, अशी टेबलाची वाटणी एकदा अंगवळणी पडली की साहेब कोणीही असो, नस्ती दोन मिनिटांत सापडते. आपण पाहिलेल्या चांगल्या अधिकाऱ्यांपैकी किती जणांनी मागे असे काही लिहून ठेवले होते, हे आठवून पाहावे. अनेक चांगली माणसे सगळे काम स्वतःच्या अंगावर घेतात, रात्री नऊपर्यंत बसतात, आणि गेल्यावर त्यांच्याबरोबर ते कामही जाते. हाताखालचा माणूस त्यामुळे वाढत नाही, तो साहेबाची वाट पाहायला शिकतो.

तरीही टिकते ते पूर्णपणे कागदावरचेच असते, असे मी म्हणणार नाही. वर सांगितलेला घरकुलाच्या टेबलावरचा कनिष्ठ सहायक पुढे विस्तार अधिकारी झाला. मी निवृत्त झाल्यानंतर काही कामासाठी त्याच्या कार्यालयात गेलो, तेव्हा तो आपल्या खुर्चीत नव्हता. शिपायाने बोट दाखवले. नव्याने लागलेल्या एका मुलीच्या टेबलाशेजारी तो लाकडी स्टूल घेऊन बसला होता, दोघांच्या मध्ये नमुना ८ चा उतारा होता आणि त्यावरच्या आडनावाखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती.